थ्री-नॉट-थ्रीची नवी साइट

अबुधाबीबाहेरच्या एका शूटिंग रेंजवर मी बंदुका दुरुस्त करतो, असं गावी रत्नागिरीत कुणाला सांगितलं की माणूस आधी जरा मागे सरकतो आणि मग चहा विचारतो. काम तसं इथल्या मुसफ्फाच्या औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही वर्कशॉपसारखंच. तेल, कानस, स्क्रू आणि डोक्यावर उभं राहून ‘कब होगा?’ विचारणारं गिऱ्हाईक.

मागच्या हिवाळ्यात एक वयस्कर अमिराती गृहस्थ थोरल्या मुलाला घेऊन आले. सोबत जुनी थ्री-नॉट-थ्री रायफल. कुठल्याशा फौजेने मोडीत काढलेली, त्यांच्या वडिलांनी घेतलेली, आता रीतसर त्यांच्या परवान्यावर असलेली. दस्त्याचं लाकूड हात लागून लागून गुळगुळीत झालं होतं.

“रफीक, इस पे दूरबीन लगाओ,” मुलगा म्हणाला. इथे आमच्यासारखा प्रत्येक कारागीर ‘रफीक’च. “ड्रिल करो, खलास.”

“मेरे बाप ने इस में छेद नहीं किया,” म्हातारे मला म्हणाले. लहानपणी मुंबईच्या व्यापाऱ्यांकडून उचललेलं त्यांचं हिंदी माझ्यापेक्षा बरं होतं. “तुम करोगे?”

मुलाने मला बाजूला घेतलं. वडिलांना नेम दिसत नाही, घरात सगळ्यांना काळजी वाटते, आज जमलं नाही तर बंदूक कुलूपबंद करून मजलिसच्या, म्हणजे बैठकीच्या खोलीच्या, भिंतीवर लावायची, असं ठरलं होतं. वाईट नव्हता तो, घाबरलेला होता. म्हाताऱ्यांनाही हे सगळं ठाऊक होतं. म्हणूनच की काय, ते माझ्याशी फार अदबीने बोलत होते, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

त्यांचं दुखणं मला लगेच कळलं. मलाही नुकताच चष्मा लागलाय. या बंदुकीची मागची खाच नळीच्या मध्यावर असते आणि माशी, म्हणजे नेमाचा पुढचा खुंट, पार टोकाला. खाच, माशी आणि निशाण, तीन अंतरांवरच्या तीन वस्तू. तरुण डोळा तिन्ही सांभाळून घेतो, आमच्यासारख्यांचा एक धरतो आणि दोन सोडतो. यावर उपाय म्हणजे डोळ्याजवळ बसणारी, बारीक भोक असलेली नेमाची साइट. भोकाकडे बघायचंच नाही, त्यातून बघायचं. आणि बंदुकीच्या अंगावर मुळात जो स्क्रू असतो, त्याच्याच जागी ती बसते. छेद नाही, काही नाही.

“चाचा, नया छेद नहीं होगा,” मी म्हटलं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

साइट बसवली. मग रिवाजाप्रमाणे मीच गोळ्या झाडून नेम जुळवला. आमच्याकडे असंच चालतं. गिऱ्हाइकाने नुसतं यावं आणि मारावं. माझ्या गोळ्या काळ्या गोलात गेल्या आणि मी बंदूक त्यांच्या हाती दिली.

ते बसले. मान ताठ, गाल दस्त्याला जेमतेम टेकलेला. पाच गोळ्या झाडल्या. मुलाने शेजारच्या तिवईवरच्या दुर्बिणीतून निशाण पाहिलं. काळ्यात एकही नाही.

“खलास, बाबा,” तो हळूच म्हणाला आणि बंदूक घ्यायला वाकला. म्हाताऱ्यांनी वाद घातला नाही. मुकाट्याने देऊन टाकली.

“रुको, एक मिनट,” म्हणत मी जाऊन निशाणाचा कागदच काढून आणला. पाचही भोकं डावीकडे खाली, पांढऱ्यात होती, पण एवढीशी जवळ की माझ्या तळहाताखाली सगळी झाकली गेली. आणि मग डोक्यात प्रकाश पडला. ज्याचा हात कापतो किंवा ज्याला दिसत नाही, त्याच्या गोळ्या रानोमाळ जातात, अशा एकत्र नांदत नाहीत. मी नेम जुळवला तो गाल दस्त्यावर दाबून, ते मारत होते मान ताठ ठेवून.

“चाचा का हाथ ठीक है, नज़र भी ठीक है,” मी मुलाला म्हटलं. “गडबड मेरी है. मैंने बंदूक में अपनी आँख बिठा दी. उन की बिठानी थी.”

मुलाने बंदूक मला परत दिली. मी साइट उजवीकडे आणि थोडी वर सरकवली. ती जिकडे जाते तिकडे गोळी जाते. नवा कागद लावला. म्हातारे पुन्हा बसले. मला दुर्बिणीकडे जायचा धीर होईना, म्हणून मी उगाच हात पुसत उभा राहिलो.

पाचवी गोळी झाल्यावर मुलाने दुर्बिणीला डोळा लावला. “माशाल्ला! पाँचों काले में,” तो म्हणाला.

म्हाताऱ्यांनी स्वतः जाऊन पाहण्याची तसदी घेतली नाही. रिकामी केलेली बंदूक त्यांनी मुलाच्या हातात ठेवली. तो पुरता गोंधळला. आता ती घ्यावी की परत द्यावी, त्याला कळेना.

“वज़नी है,” म्हातारे मलाही कळावं म्हणून हिंदीतच म्हणाले. “उठाने का काम तुम्हारा. मारने का मेरा.”

आणि ते गाडीकडे चालू लागले. मुलगा बंदूक छातीशी धरून त्यांच्या मागून गेला.