पुस्तकांची उगवण

उभ्या जालना जिल्ह्यात आमच्या साडूंइतका मनापासून घाबरणारा माणूस दुसरा झाला नाही. आपण घाबरतो ते कशाला तरी. साडूंना कारण लागत नसे. एसटी शहागडच्या पुलावर चढली की ते बुटांच्या नाड्या सोडून ठेवत, गोदावरीत पडलोच तर पोहायला अडचण नको म्हणून. पोहता त्यांना येत नव्हतं, पण ती भीती वेगळी, तिचा नंबर नंतर. कुणी "जरा बोलायचंय" म्हटलं की त्यांचा चेहरा उतरायचा, आणि समोरचा बिचारा चहा घेता का एवढंच विचारायचा.

असा माणूस नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत उगवण तपासायला होता. ओल्या कागदात बी गुंडाळून ठेवायचं, कोंब मोजायचे आणि माल पास की नापास ते ठरवायचं. साडू पास करतानाही घाबरत आणि नापास करतानाही, त्यामुळे तपासणी चोख. दोन हजार सालच्या आसपास एक दिवस शेठनी त्यांना बोलावून सांगितलं, की प्रयोगशाळा हैदराबादला हलवतोय, इथली माणसं नेणार नाही. राहायचं असेल तर कंपनीची वेबसाइट करायला शिका, दिवाळीनंतर बघतो. साडू तसेच आमच्या घरी आले. पाण्याचा पेला तसाच बाजूला ठेवून म्हणाले, "भाऊ, पन्नाशीत मला कोण ठेवून घेईल? शिकतो, पण वाचू काय? कुठलं पुस्तक खरं, हे कोण सांगंल?"

प्रश्न खरा होता. जालन्याच्या दुकानांत बारावीच्या गाइडांचे ढीग, वेबसाइटचं मात्र नाव नाही. साडूंनी औरंगाबादच्या फुटपाथवरून उशीएवढं जाड इंग्रजी पुस्तक आणलं, एक मराठी पुस्तक आणलं, कुठल्याशा क्लासच्या झेरॉक्स आणल्या, आणि त्यांच्याकडे बघून आणखीच घाबरले. चुकीचं पुस्तक धरलं तर काही न शिकताच दिवाळी उजाडायची. मग त्यांनी आयुष्यभर केलं तेच केलं. प्रत्येक पुस्तकातून वेबसाइटच्या कोडचे सुरुवातीचे, मधले, शेवटचे असे चार-चार ओळींचे नमुने काढले, नेट कॅफेत बसून टाइप केले आणि पडद्यावर किती उगवले ते मोजलं. जाड पुस्तकातले निम्मे मेले. "जुनं बी हाये," साडू म्हणाले. मराठी पुस्तक नापास करताना तर त्यांचा जीव कासावीस झाला. "लेखकाचा दोष न्हाई हो. छपाईत गेलं असंल." मी हसून बेजार झालो, पण धाकधूक मलाही होती. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा संसार त्या चार ओळींवर टांगलेला होता.

शेवटी कॅफेवाल्यालाच दया आली. कुठल्याही वेबसाइटचं आतलं लिखाण माउसच्या उजव्या बटणाने उघडून वाचता येतं, हे त्याने दाखवलं. साडू खुर्चीवरून ताडकन उठले. "लोकाच्या घरात न विचारता डोकावून राह्यलो आपण! पोलीस आले मंग?" त्यांची समजूत काढता काढता आमच्या नाकी नऊ आले. पुढे ते रोज आधी पडद्याला हात जोडत आणि मग वाचायला बसत. तिथला प्रत्येक नमुना उगवला.

दिवाळीनंतर शेठ कॉम्प्युटरसमोर येऊन बसले. साडूंनी मला आधारासाठी नेलं होतं. पान वरून खाली इंचाइंचाने उघडत होतं. आधी हिरवं नाव, मग कापसाचं बोंड, आणि बोंड अर्ध्यावर अडकलं. साडूंनी माझं मनगट असं धरलं की बोटं बधिर झाली. मग उरलेलं बोंड आलं. शेठ म्हणाले, "बराबर. तुम्ही इथंच राहा."

बाहेर आल्यावर साडू रिक्षाच्या दांडीला धरून रडले. डोळे पुसत म्हणाले, "मला वाटायचं, मी घाबरतो म्हणून मला काई जमणार न्हाई. घाबरत घाबरत बी जमतंय की हो."

साडू आता पुण्याला मुलीकडे असतात. कंपनीने ते पान केव्हाच बदललं. हल्ली मलाही पुष्कळ गोष्टींची भीती वाटते. डॉक्टरच्या चिठ्ठीची, अवेळी वाजणाऱ्या फोनची. आणि शेजारी माझ्याहून जास्त घाबरणारं कुणी नसतं.