ग्लासगोच्या रजिस्टरात आजीचं माहेर

फ्रेंच नागरिकत्वासाठी ग्लासगोला जायचंय म्हटल्यावर बाबा म्हणाले, "फ्रान्स दुसऱ्या बाजूला आहे ना?" पंच्याहत्तरी उलटली तरी टोमण्याची संधी सोडत नाहीत. पुण्याहून दोन महिन्यांसाठी नॉटिंगहॅमला माझ्याकडे आलेत. म्हटलं, आत्ताच जाऊन येऊ.

बाबांची आई फ्रेंच होती. आजोबा ग्लासगोला डॉक्टरकी शिकत असताना त्यांचं तिथे रजिस्टर लग्न झालं. नागपूरला आल्यावर घरच्यांनी ते पुन्हा वैदिक पद्धतीनं लावलं. बाबा नऊ वर्षांचे असताना ती वारली. नंतर आजोबा तिच्याबद्दल कधी बोललेच नाहीत. तिचे सगळे कागद एका ट्रंकेत होते, आणि ती ट्रंक पुण्याला बिऱ्हाड हलवताना गहाळ झाली. आजी फ्रेंच, म्हणून बाबा फ्रेंच, म्हणून मी. साखळी सोपी आहे, पण प्रत्येक कडीला दाखला लागतो. गेल्या वर्षी लग्नाच्या दाखल्यासाठी अर्ज केला तर उत्तर आलं, अशी नोंदच नाही. मी आठवडाभर स्कॉटिश लोकांच्या नावानं बोटं मोडली.

नॉटिंगहॅमहून गाडीनं पाच-सहा तास लागतात. एम सिक्स या मोटरवेवर लँकेस्टर मागे पडलं की डोंगर सुरू होतात. तिथल्या सर्व्हिसेसला, म्हणजे हायवेवरच्या विश्रांतीच्या जागी, थांबाच. आम्ही बाकावर बसून तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या. वारा इतका की लोणच्याची बरणी बाबांनी दोन्ही हातांनी धरली होती.

"ती दिसायची कशी, आठवतं?" मी विचारलं.

"हात आठवतात," बाबा म्हणाले. "चेहरा फोटोतला आठवतो. तो खरा नव्हे."

मी गाडी सुरू केली.

ग्लासगोत मधल्या भागात पार्किंगच्या भानगडीत पडू नका. गाडी बाहेर लावून सबवेनं, म्हणजे भुयारी रेल्वेनं, आत जा. रजिस्टर ऑफिसात नोंदी बघायला दिवसाची सीट आधी बुक करावी लागते, फी एका बऱ्या जेवणाइतकी. दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटरवरच्या बाईंनी माझा जुना अर्ज वाचला. वधू: मंदाकिनी. मग चष्मा वर करून त्यांनी शांतपणे विचारलं, "आणि लग्नाआधी तिचं नाव काय होतं, लव्ह?"

"मंदाकिनीच," मी ठसक्यात म्हणाले.

"फ्रेंच मुलीचं?"

मी बाबांकडे बघितलं. बाबा खाली बघत होते. "अगं, ते आपल्याकडचं नाव. माझी आत्या सांगायची, लग्नात ताटात तांदूळ पसरून आजोबांनी अंगठीनं लिहिलं होतं."

"मग आधीचं?"

"मी तिला आई म्हणायचो," बाबा म्हणाले. "कधी विचारलंच नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी रोज ऑफिसात इतरांच्या कामातल्या चुका काढते, आणि इथे फ्रेंच बाईला नागपुरी नावानं ग्लासगोत शोधत होते. बाई हसल्या नाहीत. "नवऱ्याच्या नावानं शोधू," एवढंच म्हणाल्या. दहा मिनिटांत पान पडद्यावर आलं.

सोलांज मारी केर्वेला. वय तेवीस. नेहमीचा पत्ता, फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातलं एक बंदर. खाली तिच्या वडिलांचं नाव, आणि तिच्या आईचं माहेरच्या आडनावासकट. आपण एका बाईचं अख्खं नाव पुसलं, आणि या लोकांनी तिच्या आईचंसुद्धा जपून ठेवलं होतं. मला राग आला, आणि तो कुणावर काढावा कळेना.

बाबांनी पडद्यावर बोट ठेवलं. "सो-लांज," ते म्हणाले. मग, "दर वर्षी श्राद्धाला मी मंदाकिनी म्हणत आलो गं. तिला कळत तरी असेल का, की आपल्यालाच बोलावतायत?"

दुपारी कॅफेत मसुरीचं सूप घेतलं. ते म्हणजे फोडणी विसरलेलं वरण. एरवी बाबांनी त्यावर अर्धा तास काढला असता. त्या दिवशी निमूटपणे संपवलं.

या वाटेनं जाणाऱ्यांना एक सांगते. लग्नाचा दाखला मिळाला की काम झालं, असं नाही. आता त्या बंदराच्या नगरपालिकेकडून जन्मनोंद मागवायची. शिवाय घराणं पन्नास वर्षांहून जास्त फ्रान्सबाहेर असेल आणि फ्रेंच म्हणून कुठेच नोंदलेलं नसेल, तर दावा तिथेच अडू शकतो. आमचा बहुतेक अडेलच. वकिलांना विचारा, माझ्यावर विसंबू नका.

घरी पोचलो तर रात्र झाली होती. मी अंघोळ करून खाली आले. बाबांनी कुकरसाठी मोजलेले तांदूळ स्टीलच्या ताटात पसरले होते. शेजारी दाखल्याची प्रत होती. हातातली अंगठी काढून ते एकेक अक्षर बघून लिहीत होते, सोलांज. मला बघून म्हणाले, "आजोबांनी लिहिलं होतं, तसंच. फक्त आधीचं."

ते ताट मी तसंच ओट्यावर राहू दिलं आणि भातासाठी दुसरे तांदूळ धुवायला घेतले.