खिडकीवरचा रुमाल
कपाटातून ऑइलचा वास आला आणि कागल एमआयडीसीतला माझा कामावरचा जोडीदार आठवला. तेव्हा हायवे असा तुंबायचा, की कागलात दाढी करून निघालेला गडी कोल्हापुरात जटा घेऊन उतरायचा! कोल्हापुरात घरी या जोडीदाराची म्हैस दुसऱ्या कुणाला धार काढू देत नव्हती. एकदा कोल्हापूर-कागल लोकल रेल्वेच्या मागणीची बैठक भरली. टेबलावर डब्याचं चित्र होतं. यानं एसटीत टाकतात तसा तेलकट रुमाल चित्रातल्या खिडकीवर टाकला. “ही जागा आमची हाय, पावणं! धारंला येळंत पोचायचं हाय.” सगळे हसले, तो हसला नाही. जाताना मला म्हणाला, “गाडी येईस्तोवर रुमाल तू सांभाळ की.” पुढं म्हैस आटली, मग तोही गेला. रेल्वे अजून कागदावरच आहे. रुमाल मी धुतलेला नाही. त्याची जागा जाईल.