भावोजींच्या चहाड्या

गावातलं कुठलंही कुलूप माझ्या भावोजींच्या हाताखाली उघडतं. बँकवालेसुद्धा त्यांना बोलावून नेतात. पण परवापरवापर्यंत गबाळ्याचा जबडा मात्र त्यांना उघडता येत नव्हता.

गबाळ्या म्हणजे ताईचा कुत्रा. ताई हिवाळ्यात गेली. तिच्या मागे त्या दोन खोल्यांत हे दोघंच उरले, आणि दोघांतला बोलका म्हणायचा तर कुत्राच. भावोजी पहिल्यापासून घुमे. पुढच्या खोलीतल्या दुकानात कानशीने किल्ल्या घासत बसायचे, आणि मागे स्वयंपाकघरात ताईच्या तोंडाचा पट्टा चालू असायचा.

आता गबाळ्याचं हृदय कमजोर झालंय. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळचं पातळ औषध दिलं आणि स्पष्ट सांगितलं, हे पोटात गेलं तर काही वर्षं काढेल, नाहीतर उन्हाळाही बघणार नाही. भावोजींच्या तोंडचं पाणी पळालं. दुधात घालून बघितलं, तर पठ्ठ्याने वास घेऊन वाटी पायाने सरकवली. मग बिनसुईची सिरिंज आणली. डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे मान वर न करता, गालाच्या बाजूने, हळूहळू. त्याने दात आवळले आणि सगळं औषध भावोजींच्या बाहीवर. मी गेले तेव्हा दोघं स्वयंपाकघरात एकमेकांकडे पाठ करून बसले होते.

"ताई असती तर एव्हाना पाजून मोकळी झाली असती," मी बोलून गेले आणि जीभ चावली.

"हाही जाणार बघ," भावोजी म्हणाले. "मग घरात तिचं काय राहिलं?"

मग मला ताईची पद्धत आठवली. गबाळ्याला औषध द्यायचं असलं की ती फरशीवर बसकण मारायची, त्याची मान काखेत घ्यायची आणि नवऱ्याच्या चहाड्या सुरू करायची. ऐकता ऐकता कुत्रा कधी गिळायचा, त्यालाही कळायचं नाही.

"त्याच्याशी बोला. ती तुमच्याबद्दल सांगायची ना, तसं काहीतरी."

यांना काय ठाऊक असणार, असं मला वाटलं. पण भावोजी खाली बसले, कुत्र्याला जवळ घेतलं, घसा खाकरला.

"बघ रे गबाळ्या, मी केस कापून आले, तर ह्यांना पत्ता नाही. भाजीत मीठ विसरले, तरी मुकाट गिळलं. भिंतीशी संसार केला असता तर निदान पाठ तरी टेकता आली असती."

शब्द न् शब्द ताईचा. गबाळ्याचे कान उभे राहिले. त्याने मागच्या दाराकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. मग जबडा सैल सोडला. औषध आत गेलं. मला रडू आवरेना.

"कानशीच्या आवाजात तुम्हाला हे ऐकू यायचं?"

"थांबवायचो कानस."

"ताईला माहीत होतं?"

त्यांनी मान हलवली. नाही.

तेव्हापासून रोजचं औषध बिनबोभाट जातंय. काल संध्याकाळी डोकावले, तर सिरिंज धुऊन मोरीच्या कट्ट्यावर पालथी घातलेली होती. काम झालं होतं. तरी भावोजी फरशीवरच बसले होते, मांडीवर गबाळ्याचं डोकं.

"आणि सांगू का तुला, ह्यांना सगळं ऐकू यायचं रे. पण एकदा उठून आत आले नाहीत, म्हणाले नाहीत, की अजून बोल."

ही चहाडी काही ताईची नव्हती. मी दार न वाजवता बाहेर पायरीवर बसून राहिले.