चौतीस नंबरची सावली

भद्रावतीच्या विहारामागच्या गल्लीत बारा घरं आहेत, सतरा दुचाक्या आहेत, तीन चारचाक्या आहेत आणि कडुनिंब एकच आहे. गल्लीतली झाडून सगळी भांडणं या शेवटच्या आकड्यावरून होतात. दुसरीकडचे लोक गाडी उभी करायला जागा शोधत असतील. इकडे जागा हवी तेवढी आहे, सावली नाही. वैशाखात पारा शेहेचाळीसवर गेला की उन्हातल्या गाडीचं स्टिअरिंग फडक्याशिवाय धरता येत नाही, आणि तापल्या स्कुटीवर विसरून बसलेला माणूस पुन्हा कधी विसरत नाही.

या सावलीचा कारभार श्रावणभाऊंकडे होता. त्यांना कोणी नेमलं असं विचाराल तर कोणीच नाही. छत्तीस वर्षं ते फॅक्टरीत टाइमकीपर होते. भोंगा वाजला की गेट, गेट लागलं की लेटमार्क, मग तो सख्खा साडू का असेना. रिटायर झाले तेव्हा साहेबांनी शाल दिली, नारळ दिला, पण वेळ पाळायची सवय काही जमा करून घेतली नाही. ती ते घरी घेऊन आले. पहिले सहा महिने कांताबाईंच्या भाजीला लेटमार्क मिळाला. मग कांताबाईच म्हणाल्या, "अवो, जरा बाहीर जाऊन बसत जा ना. गल्लीत बी मान्सं राह्यतेत."

भाऊ बाहेर बसले आणि गल्लीचे दिवस फिरले. त्याच वर्षी गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला होता. चिखल गेला आणि त्याच्या मागोमाग गाड्या आल्या. रोज दुपारी निंबाखाली कलागत ठरलेली. भाऊंनी तीन दिवस खुर्ची टाकून सावलीवर पाळत ठेवली. दर तासाला उठायचं आणि सावलीच्या कडेने चुन्याची रेघ ओढायची. चौथ्या दिवशी विहाराच्या फळ्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात सावलीचं टाइमटेबल लागलं. सकाळची सावली पश्चिमेला, गुणवंतराव गुरुजींच्या दारापुढे. बारा ते तीन खोडाभोवती, फक्त दुचाकी, कारण चारचाकीला तिथे जागा दोन हात कमी पडते. तीननंतर पूर्वेला, बाबूभाईंच्या ओट्यापुढे. आणि खाली नियम तिसरा: पाहुण्यांची गाडी गल्लीबाहेर, बाजाराच्या मैदानात. पाहुणा ओळखायचा कसा, यावरून वाद नको म्हणून भाऊंनी तेही सोपं करून ठेवलं होतं. नंबरप्लेटवर चौतीस, म्हणजे आपल्या जिल्ह्याचा आकडा, असेल ती घरची, बाकी सगळे पाहुणे. चिमूरच्या यात्रेतून त्यांनी एक शिटीही आणली.

लोक हसले, कुरकुरले आणि पाळायला लागले. खरं सांगायचं तर भांडणं थांबली. गुरुजींची गाडी तेवढी जागची हलत नसे. चार वर्षांपासून ती कव्हरखाली झोपली होती. पण तिच्यावर चौतीस होता, त्यामुळे भाऊंचा इलाज नव्हता.

नियमाची खरी झळ बसली ती बाबूभाईंना. हा माणूस गाड्यांची सीटं आणि कव्हरं शिवतो. तोंडात कायम दोरा, त्यामुळे बोलणं कमी. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या नातीच्या अकीक्याला, म्हणजे बारशाच्या जेवणाला, सून नसीमचे अब्बा सिरोंच्याहून पहाटे निघून बोलेरो घेऊन आले. गाडी तेहतीस नंबरची. शिटी वाजली. अब्बांनी गाडी मैदानात लावली आणि गोदावरीचा मोठा मासा बर्फाच्या पेटीत घालून, पेटी खांद्यावर घेऊन भर उन्हात चालत आले. अंगात नवी शेरवानी, पाठीवरून बर्फाचं पाणी गळतंय. संध्याकाळी बाबूभाईंनी माशाचा वाटा श्रावणभाऊंच्या घरी पाठवला, आणि भाऊंनी तो चवीने खाल्ला. नसीमने मात्र त्या दिवसापासून भाऊंशी बोलणं सोडलं. दिसले की मान खाली घालायची आणि आत जायची. भाऊ म्हणायचे, लाजाळू आहे पोरगी.

आता यंदाची बुद्धपौर्णिमा. भाऊंची एकुलती एक साक्षी नागपूरला प्रयोगशाळेत नोकरी करते. तिने आठ दिवस आधी फोनवर सांगितलं, "बाबा, मी गाडी घेतली. पौर्णिमेला गाडीनंच येतो."

भाऊंना आनंद झाला, एवढं म्हणणं कमी पडेल. त्यांच्या खानदानात चार चाकांची वस्तू फक्त बैलबंडी होती. त्यांनी पहिल्यांदा विहारात जाऊन सांगितलं, मग किराण्याच्या दुकानात, मग ज्याला आधी सांगितलं होतं त्यालाच पुन्हा. कांताबाईंनी दारापुढचा तुकडा शेणाने सारवून घेतला आणि गाडीसाठी मोगऱ्याची माळ सांगून ठेवली. भाऊ फोनवर रंग विचारत होते, दारं किती ते विचारत होते, आणि विचारता विचारता त्यांनी नंबर विचारला.

"एकतीस," साक्षी म्हणाली. "नागपूरचीच पासिंग असनार ना, बाबा."

भाऊंना तीन रात्री झोप लागली नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. दोन वर्षांपूर्वी सत्तर वर्षांच्या माणसाला उन्हातून चालवलं आणि आज स्वतःची लेक आली म्हणून फळा पुसायचा? लोक काय म्हणतील, हे तर होतंच. पण त्याहून जास्त, आपणच आपल्याला काय म्हणू? दुसरीकडून पाहिलं तर पोरीची पहिली गाडी दारापुढे उभी पाहायला कांता आठ दिवसांपासून मोहरली होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

पौर्णिमेच्या सकाळी दहा वाजता मोतिया रंगाची छोटी गाडी गल्लीच्या तोंडाशी आली. सगळे ओट्यांवर उभे होते. कांताबाई माळ घेऊन दारात. भाऊ रस्त्याच्या मधोमध गेले आणि त्यांनी शिटी वाजवली.

"मैदानात लाव, बाई."

साक्षीने काचेतून बापाकडे पाहिलं. बापाला ती ओळखून होती. हसली आणि तिने गाडी मागे घेतली. कांताबाई हसल्या नाहीत.

"पोरगी पाहुनी कवापासून झाली जी?" त्या म्हणाल्या. "तुमी जलमाचा लेटमार्क देऊन राह्यले तिले."

"नियम आहे, कांता. मीच लिवला आहे."

"मंग नियमालेच खीर वाढा," असं म्हणून त्या माळेसकट आत गेल्या.

बाबूभाई ओट्यावर कव्हर शिवत बसले होते. त्यांनी तोंडातला दोरा काढला. ही मोठी गोष्ट होती.

"साक्षी पाहुनी, श्रावणभाऊ?"

"नंबर एकतीस आहे, बाबूभाई."

"बरं," बाबूभाई म्हणाले आणि दोरा पुन्हा तोंडात धरला.

विहारात वंदना झाली, खीरदान झालं. साक्षी भोवतीच्या बायकांना गाडीच्या गोष्टी सांगत होती. भाऊ पातेल्यापाशी उभे राहून सगळ्यांना वाढत होते, पण स्वतःसाठी त्यांनी खीर घेतली नाही. मैदानात एक झुडूप नाही. पोरीची नवी गाडी तिथे तव्यावर ठेवल्यासारखी तापत असेल. बाराला दहा मिनिटं कमी असताना ते सवयीने सावलीची पाळी बदलायला गल्लीकडे निघाले.

आणि गल्लीच्या तोंडाशी थांबले. गल्लीत एकही गाडी नव्हती.

मोटारसायकली नाहीत, स्कुट्या नाहीत, बाबूभाईंच्या मुलाची, जुबेरची व्हॅन नाही. गुरुजींच्या दारापुढे चार वर्षांची जागा रिकामी, फक्त तेलाचा डाग. भाऊ वळून मैदानाकडे पाहतात तर काय, साक्षीच्या गाडीला घेरून सगळी गल्ली उन्हात उभी. गुरुजींच्या गाडीला तर जुबेर आणि दोघंजण अजून ढकलत होते, आणि गुरुजी स्टिअरिंगवर बसून विनाकारण हॉर्न वाजवायचा प्रयत्न करत होते. साक्षीच्या गाडीवर मात्र बाबूभाईंनी नवं कोरं कव्हर घातलेलं होतं. मघाशी तेच शिवत होते.

"हे काय आहे जी?" भाऊंनी विचारलं.

"साक्षी पाहुनी असन तं आमी बी पाहुने," बाबूभाई म्हणाले. "आमच्याच हातावर लहानाची मोठी झाली. सावली राहू द्या तुमाले."

भाऊंनी निंबाकडे पाहिलं. बाराची सावली खोडाभोवती गोल, गार, दाट पडली होती. आणि त्या सगळ्या सावलीत एकच वस्तू उभी होती: त्यांची सायकल. खोडाला साखळीने बांधलेली, आडवी. फॅक्टरीच्या दिवसांपासून तिथेच. ती तिथे ठेवूनच त्यांनी सावली मोजली होती. चारचाकीला कमी पडणारे दोन हात तेच होते. एवढ्या वर्षांत हे गल्लीत सगळ्यांना दिसलं होतं आणि कोणी एका शब्दाने बोललं नव्हतं.

भाऊंचा चेहरा पाहून गुरुजी गाडीतून म्हणाले, "आम्हाला वाटे, सायकलीवरही चौतीस असेल."

सगळे हसले, आणि मग भाऊही हसले. इतके हसले की डोळे पुसावे लागले, आणि ते नेमके कशाने भरले होते हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. त्यांनी साखळी सोडली. कुलूप गंजलेलं, जुबेरने वंगण घातलं तेव्हा उघडलं. मग विहारात जाऊन त्यांनी फळ्यावरचा नियम तिसरा ओल्या रुमालाने पुसला, आणि परत येऊन शिटी वाजवली. ही शिटी वेगळी होती.

"येऊ दे बाई, येऊ दे, डावीकडे मार, अजून येऊ दे."

गाडी निंबाखाली नीट मावली. दोन बोटं जास्तच जागा उरली. कांताबाई माळ घेऊन आल्या, आधी गाडीला घातली, आणि उरलेलं फूल नवऱ्याच्या खिशात खोचून म्हणाल्या, "आता खा खीर."

भाऊंनी खीर हातात घेतली, पण आधी जुबेरला बोलावलं. "तुह्या सासऱ्याले फोन लाव. मले बोलाचं आहे."

फोन लागला. भाऊ गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलले, कारण त्यांना हळू बोलता येत नाही. "मी भद्रावतीचा श्रावण बोलून राह्यलो. त्या रोजी तुमाले उन्हात चालवलं, ते माहं चुकलं. आता येसान तवा गाडी सिधी निंबाखाली आणजा. शिटी मी वाजवीन, पन रिव्हर्स घ्याले."

पलीकडून काय उत्तर आलं ते कळलं नाही. नुसतं हसणं ऐकू आलं, बराच वेळ.

भाऊ सायकल हातात धरून उभे राहिले. इतक्या वर्षांत तिला दुसरी जागा त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. तेवढ्यात समोरच्या दारात नसीम आली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिने मान वर केली होती.

"चाचा," ती म्हणाली, "सायकल आमच्या ओट्यापाशी लावा. तीननंतर सावली इकडेच येते."