दुपारी बंद पडणारी डबी

डबी आमच्या घरी आली, कारण मला नाही म्हणता येत नाही. ऑफिसातून आम्हाला एका कार्यक्रमाला पाठवलं होतं. तिथे जेवणाच्या रांगेजवळ एका टेबलामागे दोन स्वयंसेवक बसले होते आणि त्यांच्याकडे कोणी फिरकत नव्हतं. माझी नजर त्यांच्याकडे गेली, ती त्यांनी पकडली, आणि मग ताट हातात धरून मी पंधरा मिनिटं ऐकत राहिले.

जगभर लोकांनी अशा डब्या आपापल्या घरात ठेवल्या आहेत, असं ते सांगत होते. डबी राउटरला जोडायची आणि विसरून जायचं. ती दर थोड्या वेळाने लांबलांबच्या संगणकांना हाक मारते आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते टिपून ठेवते. सगळ्या घरांच्या नोंदी एकत्र केल्या की इंटरनेट कुठे तुंबलंय, कुठे तुटलंय ते कळतं. बडोद्यात फारशा डब्या नाहीत, त्यांना हव्या आहेत. मी फॉर्म भरून दिला. भरला नसता तर आमटी गार होईपर्यंत तिथेच उभी राहिले असते.

घरी बाबांनी डबी हातात घेऊन उलटीपालटी करून पाहिली. ते तीस वर्षं कोयलीला रिफायनरीत होते, त्यातली बरीचशी कंट्रोल रूममध्ये, पॅनेलसमोर. कुठलंही यंत्र दिसलं की त्यांचे प्रश्न ठरलेले असतात.

"मोजते काय ही?"

"नेटला किती वेळ लागतो ते."

"आणि जास्त लागला तर? अलार्म कुठे वाजतो?"

"कुठेच नाही. नुसती नोंद होते."

"अलार्म नाही, तर मग बघतं कोण?" त्यांनी आईकडे पाहिलं. "आपल्यावर लक्ष ठेवायला आणलीय हिने."

"तुमच्यावर लक्ष ठेवायला मी पुरेशी आहे," आई म्हणाली. ती शाळेत शिकवते, निवृत्तीला अजून थोडी वर्षं आहेत, आणि कोणाच्याही प्रश्नाला उत्तर ठेवूनच असते.

मी बाबांना समजावलं, की डबीला आपल्याबद्दल काही कळत नाही. आपण काय बघतो, कोणाशी बोलतो, काही नाही. तिला फक्त बाहेरचा रस्ता दिसतो. ते खरंही होतं.

ही बाबांच्या निवृत्तीनंतरच्या उन्हाळ्यातली गोष्ट. त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी ते भाजी घेताना चक्कर येऊन पडले. भाजीवाल्यांनी उचलून हातगाडीच्या सावलीत बसवलं, कोणीतरी फोनमधून आईचा नंबर शोधला, आम्ही दोघी धावत गेलो. तपासण्या झाल्या, नक्की काय ते कोणी सांगितलं नाही, फक्त डॉक्टर म्हणाले, सहा महिने गाडी चालवायची नाही, मग पुन्हा बघू. आईने स्कूटरची किल्ली स्वतःच्या कपाटात ठेवली. बाबांनी रोज सकाळी खाली जाऊन गाडी पुसणं मात्र सोडलं नाही. आई सातला शाळेत जायची, मी नऊला फतेगंजला ऑफिसात. आई शाळेनंतर शिकवण्या घेऊन पाचला परतायची. आम्ही विचारलं की बाबा म्हणायचे, "काय करणार? जेवलो, झोपलो."

मला डबीची मेल येऊ लागली त्याच सुमारास. डबीचा संपर्क तुटला की तिच्या मालकाला मेल येते. आधी महिन्यातून एखादी यायची. आता रोज, आणि दुपारीच. मी अडॅप्टर बदलला, वायर बदलली. शेजारच्या काकींना विचारलं, दुपारी लाइट जाते का हो? त्या म्हणाल्या, "ना बेटा, लाइट तो होय छे," आणि वर लग्नाचं विचारलं. शेवटी मी डब्यांचं काम पाहणाऱ्या माणसाला लिहिलं. मला बोलण्यापेक्षा लिहिणं सोपं जातं, आणि इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे इंग्रजीत तर फारच सोपं. त्याने नोंदी पाहून उत्तर दिलं, की डबी ठणठणीत आहे. सोमवार ते शुक्रवार साधारण सव्वाएकला वीज जाते आणि तीनच्या पुढेमागे परत येते. शनिवार-रविवारी कधीच नाही. घरात कोणी बटण बंद करतं का?

मी ऑफिसात बसून ते वाचलं आणि लगेच समजलं. दुसऱ्या कोणाला समजलं नसतं.

आमच्या घरात एक नियम आहे. शेवटचा माणूस घराबाहेर पडताना मेन स्विच बंद करतो. फ्रिजची लाइन बाबांनी वेगळी काढून घेतली आहे, बाकी सगळं घर बंद. हा त्यांनी कोयलीहून आणलेला नियम. माणूस नसेल तिथे चालू काही ठेवायचं नाही. लहानपणी आम्ही दुकानापर्यंत जायला निघालो तरी ते चपला घातलेल्या पायांनी परत आत जायचे, खटका खाली करायचे आणि बोटाने दाबून पुन्हा खात्री करायचे. आई वैतागायची. मला इतकी सवय झाली होती, की मैत्रिणींच्या घरी कोणी तसं करत नाही याचंच नवल वाटायचं.

म्हणजे सव्वाएकला घरात कोणी नसायचं. आणि पावणेदोन तास पायी फिरणारे बाबा नव्हते. स्कूटरची दुसरी किल्ली कुठेतरी असणार, हे आम्हा दोघींच्या डोक्यातच आलं नव्हतं. डॉक्टरांचं न ऐकता ते गाडी काढत होते, पण मेन बंद केल्याशिवाय निघणं त्यांना जमत नव्हतं.

मी कोणालाच काही सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे आईला, आणि आईला म्हणजे त्याच संध्याकाळी घरात मोठा आवाज. भाजीच्या गाडीशेजारी बसलेले बाबा मी पाहिले होते. शर्टाला कोथिंबिरीची पानं चिकटलेली, आणि आजूबाजूचे सगळे त्यांच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं मोठ्याने, सावकाश बोलत होते. मला ते पुन्हा नको होतं. आणि खरं सांगायचं तर माझी घाबरट समजूत अशी, की आपण बोललो नाही तर गोष्ट आपली आपण मिटते.

मग रोजचं सुरू झालं. डबीचं नेटवर एक पान असतं, त्यावर ती चालू असेल तर हिरवी पट्टी, नसेल तर लाल. सव्वाएकला मी जेवायचा डबा उघडायची आणि समोर ते पान. पट्टी लाल झाली की पोळी तशीच राहायची. आता ते रस्त्यावर आहेत. आता मोठ्या चौकात असतील, ट्रक असतील. अडीच. आता परत निघाले असतील. पावणेतीन. समोर ग्राहकांच्या तक्रारी उघड्या, आणि मी त्यांना काहीतरी उत्तरं लिहीत असे. पट्टी हिरवी झाली की पाच मिनिटं थांबून मी फोन करायची. काहीतरी निमित्त काढून.

"बाबा, झोपला होतात का?"

"हो, आत्ताच उठलो."

"बरं. पाणी प्या."

"पितो."

एवढंच. मग अर्धवट डबा बंद करून कामाला लागायचं. घरी आले की आई म्हणायची, पोळ्या परत का आणतेस, आवडत नाहीत का? मी म्हणायची, भूक नव्हती. तीन-चार आठवडे असे गेले. बाबांना घरी चक्कर येत नव्हती, पण मी संध्याकाळी जिना चढताना मधेच थांबायला लागले होते.

मग एका बुधवारी पट्टी साडेबाराला लाल झाली. नेहमीपेक्षा आधी. मी वाट पाहिली. अडीच, तीन. साडेतीन. फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. चारला मी साहेबांना म्हटलं, घरी जायला लागेल. कारण विचारेपर्यंत मी पर्स उचलली होती, तेव्हा त्यांनी हातानेच जा म्हटलं. रिक्षात मी मोठ्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक अँब्युलन्सकडे बघत होते. एकच गेली. आईला फोन करायला हवा होता. नाही केला. काय सांगणार होते, की मला महिनाभर माहीत आहे?

खाली स्कूटर जागेवर होती. वर दार उघडं. पंखा चालू. बाबा खुर्चीत बसले होते, मांडीवर त्यांचा फोन, आणि शेजारी स्टुलावर माझी डबी, वायर नीट गुंडाळलेली.

"चार तेहतीस," त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत सांगितलं. "मला वाटलं त्यापेक्षा उशिरा आलीस."

मी दारातच उभी राहिले.

"पॅनेलवर तीस वर्षं बसलोय गं मी. मेन वर केला की पाचव्या मिनिटाला तुझा फोन. सहाव्याला नाही, चौथ्याला नाही. एकदा मुद्दाम खाली पार्किंगमध्ये वीस मिनिटं बसून मग वर आलो, मेन चढवला. पाचव्या मिनिटाला फोन. म्हटलं आज टेस्ट घेऊ. आज मी कुठे गेलोच नाही, नुसती तुझी डबी काढली."

"आणि फोन का नाही उचललात?"

"उचलला असता तर टेस्ट कसली?"

ते हसले. मी हसले नाही. मी पर्स खाली टाकली आणि जमिनीवरच बसले आणि म्हटलं, "बाबा, मी दमलेय. मी महिनाभर धड जेवलेले नाही." आमच्या घरात असं कोणी बोलत नाही. त्यांचं हसू गेलं. बराच वेळ ते वायरची गुंडाळी सोडत आणि पुन्हा बांधत बसले.

"आईला सांगितलंस?"

"नाही."

"मग नको सांगूस."

"कुठे जाता पण?"

"कोयलीला. दोनला शिफ्ट सुटते. गेटसमोर चहा असतो."

"चहा?"

"चहा," ते म्हणाले, जणू त्यात विचारण्यासारखं काही नाही.

मी म्हटलं, शनिवारी मी नेते. तोपर्यंत गाडी काढायची नाही. त्यांनी उठून देवघराच्या खणातून दुसरी किल्ली काढून माझ्या हातात दिली. आईच्या कपाटापेक्षा ती जागा किती सुरक्षित होती. पूजा बाबा करतात, त्या खणाला आई हात लावत नाही.

शनिवारी आईला सांगितलं, बाबांना जरा मोकळ्या हवेत फिरवून आणते. ती खूश झाली. मी स्कूटर चालवत होते, बाबा मागे. "दोन्ही ब्रेक दाब." "त्याला पुढे जाऊ दे." "हॉर्न दे, झोपलाय तो." फतेगंजपर्यंत मी उत्तरं दिली, पुढे दिली नाहीत. कोयलीकडे जाताना हवेला तो वास येऊ लागला, लहानपणी त्यांच्या युनिफॉर्मला यायचा तो.

गेटसमोर चहाची टपरी, बाकडी. दोन वाजता माणसं बाहेर आली. हेल्मेट काखेत, ओळखपत्रं गळ्यात. काहींनी हात केले. "आवो काका, आवो!" एकाने विचारलं, "आज ड्रायव्हर लाए हो?" बाबा म्हणाले, "बेटी है मेरी, कॉम्प्युटरवाली." मी थोडी लांब, गाडीला टेकून उभी राहिले. ते एका पंपाबद्दल बोलत होते. बाबांनी काहीतरी सुचवलं, एका पोरसवदा इंजिनिअरने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, वो तो अब बदल दिया, पूरा नया सिस्टम है." बाबा म्हणाले, "अच्छा, अच्छा." मग बस आली. चहाचे कप टाकून सगळे धावले. सगळं मिळून दहा-बारा मिनिटं असतील.

मी गाडी काढायला लागले, तर बाबा म्हणाले, "थांब जरा." ते बाकड्यावरच बसून राहिले. टपरीवाला कप गोळा करत होता. बाबा बंद गेटकडे बघत होते, हातात रिकामा कप. अर्धा तास तरी गेला. मी घड्याळ पाहत नव्हते, महिनाभर पाहून मला त्याचा कंटाळा आला होता. पण लाल पट्टीचा उरलेला वेळ कशात जायचा ते मला समजलं.

मग ते उठले. दोन पावलं टाकली आणि टपरीच्या खांबाला धरून थांबले. डोळे मिटलेले, ओठ पांढरे. मी धावले. "काही नाही, ऊन आहे," ते म्हणाले. ऊन नव्हतं, ढग होते. टपरीवाल्याने पाण्याचा ग्लास आणला आणि सहज म्हणाला, "काका को ऐसा होता है कभी-कभी. मैं बोलता हूँ, बैठो थोड़ी देर, फिर गाड़ी चलाओ." बाबांनी त्याच्याकडे रागाने पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं नाही.

घरी येईपर्यंत त्यांनी ब्रेकचं काही सांगितलं नाही. त्यांचे दोन्ही हात माझ्या खांद्यांवर होते आणि मी रिक्षावाल्यांनी मागून शिव्या द्याव्यात इतकी सावकाश आले.

खाली गाडी लावताना ते म्हणाले, "तू म्हणाली होतीस, नाही सांगणार."

"मी असं म्हटलं नव्हतं," मी म्हणाले. आणि खरंच म्हटलं नव्हतं. मी नेहमीप्रमाणे गप्प बसले होते.

संध्याकाळी आई पोळ्या लाटत होती. मी ओट्याशेजारी उभी राहून तिला सगळं सांगितलं. दुसरी किल्ली, कोयली, टपरीवाला काय म्हणाला ते, मला कधीपासून माहीत होतं तेसुद्धा. तव्यावरची पोळी काळी झाली, तिने गॅस बंद केला आणि लाटणं हातात धरून ऐकत राहिली. बाबा बाहेरच्या खोलीत बसले होते. त्यांना प्रत्येक शब्द ऐकू जात होता, आणि मी आवाज कमी केला नाही.