तारेची उंची

बेस गिटार ही काय चीज आहे, हे मला तिशी गाठेपर्यंत माहीत नव्हतं. आर्णीत आमचं मोटार वाइंडिंगचं दुकान. विहिरीतल्या जळालेल्या मोटारी, फवारणीचे पंप, मिक्सर, मंगल कार्यालयातले पंखे, ज्याच्या पोटात तांब्याची तार आहे ते सगळं आमच्याकडे यायचं. एका दुपारी पाठीवर केस सोडलेला एक माणूस दुकानात आला. खांद्यावरची लांबलचक पेटी त्यानं काउंटरवर आडवी केली आणि आतून चार जाड तारांची गिटार काढली.

“मिस्त्री, इचा आवाज गेला. आत कॉइल हाय. भरून देता काय?”

अब्बांनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं, “कितने फूट से पानी उठाती?”

“पानी नहीं चाचा,” तो म्हणाला, “ये जमीन हिलाती.”

थापाड्या दिसतो, असं मला वाटलं. कॉइलची तार केसाहून बारीक, गुंडाळताना पुन्हा पुन्हा तुटायची, मी वैतागलो होतो. पण काम झाल्यावर त्यानं ती गिटार आमच्याच दुकानातल्या जुन्या स्पीकरला जोडली आणि सगळ्यात जाड तार छेडली, तेव्हा डब्यातले नटबोल्ट खरोखर थरथरले. माझ्या तळपायातून काहीतरी वर सरकलं. मी तिथंच फसलो.

तो बोरी अरबच्या बाजूच्या एका खेड्यातला. नागपूरला शिकायला गेला आणि शिकायचं सोडून मित्रांबरोबर रॉक बँड काढून बसला. पुढे मित्र नोकऱ्यांना लागले, याच्याकडे गिटार उरली. ती घेऊन तो गावी परतला आणि यवतमाळच्या एका ऑर्केस्ट्रात लागला. ऑर्केस्ट्राचा मालक स्वतः कीबोर्ड वाजवायचा. पुढे त्याच्या मागोमाग मीही तिथे शिरलो. गणपती, दुर्गा, उरूस, जयंती, लग्न, जिथून बोलावणं येईल तिथे आमचा टेम्पो निघायचा. जुनी हिंदी गाणी, कव्वाल्या, लावण्या आणि मधेच एक रॉक आयटम. दिवे लाल व्हायचे, गायक बाजूला सरकायचे आणि हा एकटा पुढे येऊन, केस तोंडावर टाकून वाजवायचा. पहिल्या रांगेतली म्हातारी माणसं याच्या अंगात आलं की काय, अशा नजरेनं बघायची. मागची पोरं मात्र खुर्च्यांवर चढायची. दारव्ह्याला, दिग्रसला चहाच्या टपरीवर लोक त्याला ओळखायचे, आणि त्याला ते फार आवडायचं.

मालकाच्या लेखी मी लाइटवाला होतो. खरं म्हणजे मी त्याच्या गिटारीचा माणूस होतो. दुकान अब्बांवर आणि धाकट्या भावावर टाकून सीझनभर टेम्पोत बसायचो. आपल्याकडच्या उन्हात लाकूड वाकतं, गिटारीची मान पान्यानं सरळ करावी लागते. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर बारके स्क्रू असतात, त्यांनी तारांची उंची बसवावी लागते. तार मानेवरच्या आडव्या पट्ट्यांपासून, म्हणजे पडद्यांपासून, फार वर असली तर दाबताना बोटं मरतात, फार खाली असली तर पडद्यांना घासून खरखरते. याला तार उंच लागायची.

“भाऊ, थोडी खाली घेतो ना. बोटं सोलून निघून राह्यली तुमची.”

“खालच्या तारेवर कोनीबी वाजवते, मिस्त्री.”

हा त्याचा माज होता. मला तो माज आवडायचा.

नव्या तारा नागपूरहून मागवाव्या लागत, म्हणून जुन्याच उकळायच्या. हे त्यानंच मला शिकवलं. तारेच्या वेटोळ्यांत बोटांचा घाम आणि मळ बसतो आणि आवाज मातकट होतो. पाण्यात उकळून, पुसून, उन्हात वाळवली की तार पुन्हा टणटणीत. कार्यक्रमाच्या दुपारी मंडप लागत असताना मी स्टेजमागे स्टोव्हवर पातेलं ठेवून बसायचो आणि गावातलं कोणीतरी डोकावून विचारायचं, “काय शिजवून राह्यले बा, शेवया?” उकळूनही न सुधारणाऱ्या मेलेल्या तारा तो घरी घेऊन जायचा. कपडे वाळत घालायला बांधत असेल, असं मी धरून चाललो होतो.

मग बोंडअळीची वर्षं आली. कापूस उभा हिरवागार दिसायचा, आणि बोंड फोडलं की आत अळी. ज्या गावात कापूस पिकला नाही तिथे वर्गणी कुठली, आणि वर्गणी नाही तिथे ऑर्केस्ट्रा कुठला. जी मंडळं तगली त्यांनी डीजे लावला. आमचा टेम्पो महिनोन्महिने मालकाच्या दारात उभा राहायचा. मी दुकानात परतलो, आणि तिथे मात्र कामाचा ढीग होता, कारण सगळा जिल्हा फवारत होता. एका औषधानं अळी मरेना म्हणून लोक दोन-तीन औषधं एकत्र कालवायचे. आमच्याकडे येणारा प्रत्येक पंप तोच उग्र, घशाला झोंबणारा वास घेऊन यायचा. अब्बा नाकाला रुमाल बांधून काम करायचे.

त्या गणपतीत कसाबसा एक कार्यक्रम मिळाला. दुपारी मी नेहमीसारख्या तारा उकळायला टाकल्या. पाण्याला उकळी फुटली आणि पातेल्यातून तो वास आला. आधी वाटलं, माझ्याच कपड्यांना असेल. मग वाकून पाहिलं. वास तारांमधूनच येत होता.

मी तसाच त्याच्याकडे गेलो. “भाऊ, फवारा मारून राह्यले काय तुम्ही?”

त्यानं आधी आजूबाजूला कोणी ऐकलं का ते पाहिलं. “हळू बोल ना बे. दुसऱ्याच्या वावरात जातो, रोजीनं. कोनाले सांगू नोको.”

“हातमोजे तरी घालता काय?”

“हातमोजे घालून नोजल खोलता येते काय?” असं म्हणून त्यानं खिशातून एक तुकडा काढला. माझीच मेलेली तार. वरचं वेटोळं सोलून काढलेली, आतली बारीक पोलादी तार. “नोजलमंदी कचरा अडकला का हे घालाची, मंग तोंडानं एक फुक मारली का मोकळं. गावातले सगळे मांगतेत मले. तुही तार हाय, मिस्त्री!”

त्याला वाटलं मी खूश होईन.

“तोंडानं फुक मारता? डोकं ठिकाणावर हाय काय?”

“सगळेच मारतेत.”

हे खोटं नव्हतं. दुकानात पंप घेऊन येणारी माणसंसुद्धा नोजल तोंडात धरूनच मला दाखवायची, हे पाहा मिस्त्री, हवा जात नाही. मी त्याला वाट्टेल ते बोललो. नागपूरची आठवण करून दिली, बायकोची करून दिली. त्यानं हाताची बोटं माझ्यापुढे धरली. “घट्टे पाह्य. साबूत हायेत ना? मंग झालं तं.” त्याला काळजी होती ती एवढीच, की औषधानं बोटांवरचे घट्टे जाऊ नयेत.

दुर्गादेवीचे दिवस म्हणजे यवतमाळात ऑर्केस्ट्रावाल्यांची दिवाळी. आम्हाला मोठ्या मंडळाचं बोलावणं आलं होतं. दुपारी आवाज तपासायला सगळे जमले, हा उशिरा आला, कोणाच्या तरी मोटारसायकलवर, थेट वावरातून. हातपाय धुतलेले होते, शर्ट तोच होता. त्यानं गिटार गळ्यात घातली. मी खाली मंडपात उभा राहून ऐकत होतो. पहिली तार वाजली, दुसरी वाजली, मग तो थांबला.

“मिस्त्री, लाइट काहून कमी केले?”

मंडपाची कापडं अजून वर गुंडाळलेली होती आणि स्टेजवर लख्ख ऊन होतं. मी धावत वर गेलो. त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. तोंडातून लाळ गळत होती, शर्ट घामानं अंगाला चिकटला होता. गिटारीसकट तो माझ्या अंगावर कोसळला.

ऑटोत घालून त्याला दवाखान्यात नेलं. वॉर्डात ओळीनं फवारणीवालेच पडले होते. काही भ्रमात हातपाय झाडत होते, म्हणून त्यांचे हात पट्ट्यांनी खाटेला बांधलेले. याचेही बांधले. औषध केसांत मुरलेलं असतं म्हणून केस कापावे लागले. त्याची बायको ते केस हातात धरून विचारत होती, हे कुठं टाकू. शेजारच्या खाटेवरचा माणूस दुसऱ्या दिवशी तिथे नव्हता आणि तो बरा होऊन घरी गेला नव्हता, हे आम्हाला कळत होतं.

हा वाचला. घरी आला, जेवायला लागला, माझ्याशी भांडायला लागला. मी दर्ग्यावर जाऊन चादर चढवून आलो. संकट टळलं असं आम्ही सगळेच समजलो. काही आठवड्यांनी चालताना त्याच्या पायातून चप्पल निसटायला लागली. डॉक्टर म्हणाले, असं मागाहून होतं, नसांवर परिणाम होतो. भरून येईल की नाही, ते सांगता येत नाही.

हातांचं तो कोणाला बोलला नाही. एक दिवस दुकानात आला, पेटी उघडली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “तार जराशी खाली घे.”

एवढंच. मी स्क्रू फिरवला.

मग ते सुरूच झालं. तो यायचा, बसायचा, डाव्या हाताची बोटं तारेवर ठेवून दाबायचा आणि म्हणायचा, अजून. मी बारीक तारा मागवून चढवल्या. सूरच उतरवून तारा सैल केल्या. पडदे कानशीनं घासले, म्हणजे तार आणखी अर्धा केस खाली बसेल. मी त्या गिटारीचा जीव घेत होतो आणि तिनं वाजत राहावं म्हणून धडपडत होतो. एकदा मालकानं मला गाठलं.

“मिस्त्री, खरं सांग. वाजवू शकते काय तो? नाई तं डाव्या हातानं बेस मी कीबोर्डवरच मारून घेतो. एक मानूस कमी होईन.”

“वाजवते,” मी म्हणालो. धडधडीत खोटं बोललो आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही. त्या माणसाकडे गिटारीशिवाय काय होतं? फवारा आता कोणी त्याच्या हातात देणार नव्हतं. स्टेज गेलं असतं तर टपरीवर ओळखणारंही कोणी राहिलं नसतं.

पुढच्या दुर्गोत्सवात त्याच मंडळानं बोलावलं. संध्याकाळी कार्यक्रम रंगला आणि रॉक आयटमची वेळ आली. दिवे लाल केले. केस जेमतेम कानापर्यंत वाढलेले, तरी त्यानं सवयीनं मान झटकली. सुरुवात बरी झाली. मी लाइटच्या बोर्डाशी उभा राहून त्याचा हात बघत होतो. मग एक सूर खरखरला. दुसरा नुसता थपकन वाजला. पुढचे वाजलेच नाहीत. बोटं पडद्यांवर जायची, आपल्या जागी बरोबर जायची आणि तिथे नुसती टेकून राहायची.

मालकानं एकदा मान वळवून पाहिलं आणि डावा हात कीबोर्डच्या खालच्या पट्ट्यांवर नेला. बेस सुरू झाला, अगदी ठोक्यात. हा शेवटपर्यंत पुढे उभा राहिला, लाल उजेडात, हात हलवत. शिट्ट्या पडल्या, टाळ्या पडल्या. पोरं खुर्च्यांवर चढली.

स्टेजमागे येऊन त्यानं गिटार माझ्या हातात दिली. “कोनाले समजलं काय?”

मालकानं बेस धरल्यापासून मी लोकांकडेच बघत होतो, म्हणून आनंदानं सांगितलं, “कोनालेच नाई, भाऊ. एकालेबी नाई.”

त्याचा चेहरा पाहिला तेव्हा मी काय बोलून गेलो ते मला कळलं. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

काही दिवसांनी सकाळी तो एसटीनं आर्णीला आला. सोबत एका पोराला पेटी उचलायला लावली होती, त्याला त्यानं दारातूनच परत पाठवलं. पेटी काउंटरवर ठेवली.

“तार वर घे.”

मी वेडा, मला आशा वाटली. “बोटं आली काय, भाऊ?”

“नाई.” तो स्टुलावर बसला. “इकून नाई राह्यलो. तुह्यापाशी ठेवून राह्यलो. उद्या कोनी वाजवनारा आला अन् त्यानं हे लोळलेली तार पाह्यली, तं मले काय म्हणीन?”

मी जुन्या जाड तारा चढवल्या. सूर जागेवर आणला. मग घोडीवरचे स्क्रू फिरवायला लागलो. दरवेळी तो बोट ठेवून दाबून बघायचा. आधी तार खाली जायची. मग अर्धी जायला लागली. “अजून,” तो म्हणायचा. मागे अब्बा काम थांबवून बघत होते. शेवटी त्याचं नख पांढरं पडेपर्यंत त्यानं दाबलं आणि तार हललीही नाही.

“हे,” तो म्हणाला. “हेच माही उंची होती.”

उजव्या अंगठ्यानं त्यानं सगळ्यात जाड तार एकदा मोकळी छेडली. स्पीकर लावलेला नव्हता, नटबोल्ट काही थरथरले नाहीत. आवाज विरेपर्यंत तो ऐकत बसला. मग गिटार पेटीत ठेवून त्यानं झाकण ओढलं आणि कड्या लावायला लागला. कड्या लागेनात. मी थोडा वेळ थांबलो, आणि मग त्या लावून दिल्या.